रेप्टन : गृहसंगणकावरील एका पुनरावर्ती पात्राचे स्वरूप

एकच पात्र अनेक कृतींतून पुनःपुन्हा अवतीर्ण व्हावे आणि वाचकाने त्याला पहिल्याच वाक्यात ओळखावे, हा अनुभव मराठी वाचकास नवा नाही. चि. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ, भा. रा. भागवत यांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे होत. या दोहोंत कालाचा विनियोग मात्र निराळा आहे. चिमणरावांचा संसार वाढतो, त्यांना मुलेबाळे होतात. फेणे हा किती साहसे पार पाडली तरी शाळकरी मुलगाच राहतो. तथापि दोघांचीही ओळख पटते ती मुख्यतः भाषेमुळे. चिमणरावांची कथनाची ढब आणि फेण्याच्या तोंडून निघणारा तो विशिष्ट आवाज काढून टाकला, तर मागे फारसे काही उरणार नाही.

आता असे एक पात्र कल्पावे की ज्याला बोलता येत नाही, ज्याचे पूर्वचरित्र कोणी सांगत नाही, ज्याचा चेहरा मोजक्या ठिपक्यांचा बनलेला आहे, आणि तरीही जे सात-आठ कृतींचा नायक म्हणून वर्षानुवर्षे टिकून राहते. हे पात्र ओळखावयाचे कशावरून? 1980 च्या दशकातील गृहसंगणकांवरील खेळांनी हा प्रश्न प्रत्यक्षात उभा केला. ब्रिटनमधील ‘रेप्टन’ ही मालिका त्याच्या अभ्यासास विशेष सोयीची आहे. मालिकेच्या कर्त्यांनी आपल्या नायकाभोवतीची एकेक गोष्ट क्रमाक्रमाने बदलून पाहिली, आणि त्यामुळे पात्राचे मर्म कोठे आहे याचा एक प्रयोगच अनायासे घडून आला.

ही मालिका निवडण्यास आणखी एक कारण आहे. ज्या यंत्रासाठी रेप्टन प्रथम लिहिला गेला, तेच यंत्र भारतीय शाळांत शासनाच्या वतीने आले होते. केंब्रिज येथील एकॉर्न या कंपनीने बीबीसीच्या संगणक-साक्षरता प्रकल्पासाठी तयार केलेला ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक 1981 च्या डिसेंबरात बाजारात आला. भारत सरकारने 1984-85 मध्ये ‘क्लास’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी शालेय संगणक-साक्षरतेची योजना हाती घेतली, तेव्हा पहिल्या टप्प्यात सुमारे 250 शाळांसाठी याच यंत्राची निवड झाली. पुढे मोहाली येथील सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी उद्योगाने त्याची भारतीय आवृत्तीही तयार केली. म्हणजे ज्या काळात इंग्लंडमधील मुले घरोघरी रेप्टन खेळत होती, त्याच काळात तेच यंत्र भारतातील निवडक शाळांच्या खोल्यांत ठेवलेले होते. यंत्र पोहोचले आणि पात्र पोहोचले नाही, यातील अंतराचा विचार पुढे येईल.

पहिला ‘रेप्टन’ 1985 मध्ये लीड्स येथील सुपीरियर सॉफ्टवेअर या संस्थेने प्रसिद्ध केला. त्याचा कर्ता टिम टायलर हा त्या वेळी शाळकरी वयाचा होता. खेळाची कल्पना थोडक्यात अशी : जमिनीखाली माती, भिंती, दगड आणि हिरे यांनी भरलेला एक चक्रव्यूह आहे. पडद्यावर त्याचा थोडासाच भाग दिसतो आणि नायक चालू लागला की चित्र त्याच्याबरोबर सरकते. सरपटणाऱ्या प्राण्याशी दूरचे नाते सांगणाऱ्या या नायकाने माती उकरीत पुढे जावे, ठरलेल्या वेळात सर्व हिरे गोळा करावे आणि दगडाखाली सापडू नये. अमेरिकेत 1984 मध्ये निघालेल्या ‘बोल्डर डॅश’ या खेळाशी याचे साम्य उघड आहे. टायलरने तो खेळ स्वतः पाहिलेला नव्हता, त्याचे परीक्षण तेवढे वाचले होते, असे त्याच्याकडून सांगितले गेले आहे. हे खरे मानल्यास वाङ्मयीन प्रभावाच्या अभ्यासकांसाठी हा एक गमतीचा दाखला ठरतो. मूळ कृती न पाहता केवळ तिच्या वर्णनावरून घेतलेली प्रेरणा अनुकरणापेक्षा कितीतरी मोकळी असते.

रेप्टनचे मर्म त्याच्या रूपात शोधू जाणाऱ्याची निराशा होईल. ते दगडाच्या वर्तनात आहे. दगडाखालचा आधार गेला की दगड पडतो. दगड दुसऱ्या दगडावर टेकला असेल आणि बाजूला जागा मोकळी असेल, तर तो घरंगळून खाली येतो. रेप्टनला दगड बाजूने ढकलता येतो, ओढता मात्र येत नाही. एवढ्याच नियमांतून असे घडते की एखादा दगड भलत्या कोपऱ्यात ढकलला गेला, तर तो तेथून पुन्हा निघत नाही आणि त्याच्यामागचे हिरे कायमचे अडून राहतात. अंडे पडून फुटले की त्यातून राक्षस निघतो व नायकाचा पाठलाग करतो. त्याला मारावयाचे तर त्याच्यावर दगडच पाडावा लागतो. रेप्टनच्या हाती ना शस्त्र, ना उडी, ना धावण्याचा विशेष वेग. त्याच्यापाशी फक्त चार दिशा आणि पूर्वविचार आहे. खेळणाऱ्याने काही काळ घालविला की ‘रेप्टन असे करणार नाही’ असे वाक्य त्याच्या मनात सहज तयार होते. पात्राचा स्वभाव म्हणतात तो हाच. कादंबरीत तो पात्राच्या निवडींतून व्यक्त होतो. येथे पात्राला काय करता येत नाही, यावरून तो घडतो.

अशा काटकसरीला यांत्रिक कारणही होते आणि ते आकड्यांत पाहणे उद्बोधक ठरेल. बीबीसी मायक्रोच्या ‘बी’ नमुन्यात 32 किलोबाइट, म्हणजे 32,768 बाइट एवढी कामाची स्मृती असे. चार रंगांचे चित्र दाखविणाऱ्या ‘मोड 5’ या पद्धतीत पडद्यासाठीच 10,240 बाइट खर्ची पडत. यंत्राच्या स्वतःच्या व्यवहारासाठी 3,584 बाइट राखून ठेवलेले असत. उरलेल्या 18,944 बाइटांत सर्व आज्ञा, चित्रे, ध्वनी आणि नकाशे बसवावयाचे. आज एक साधे छायाचित्रदेखील याच्या शेकडोपट जागा घेते. अशा स्थितीत चक्रव्यूहाचे चित्र जसेच्या तसे साठविणे शक्य नव्हते. ते चौकोनी घरांत विभागावयाचे आणि प्रत्येक घरात कोणती वस्तू आहे तेवढेच नोंदवावयाचे, हा त्यावरचा उपाय. उदाहरणादाखल 28 स्तंभ आणि 24 ओळींचा नकाशा घ्यावा. त्यात 672 घरे होतात. वस्तूंचे प्रकार 32 धरले, तर प्रत्येक घरासाठी 5 बिट पुरतात. 3,360 बिट म्हणजे 420 बाइट. एक संपूर्ण जग 420 बाइटांत! आपल्या एका साध्या पत्रालाही याहून अधिक अक्षरे लागतात.

या पद्धतीचा एक परिणाम असा झाला की नकाशा, चित्रे आणि नियम ही तीन अंगे आपोआपच एकमेकांपासून वेगळी पडली. नकाशा बदलला तरी नियम तेच राहतात आणि चित्रे बदलली तरी नकाशाला त्याची वार्ता नसते. मालिकेचा पुढील सर्व इतिहास या विभागणीतून निघालेला आहे.

‘रेप्टन 2’ हा 1985 च्याच अखेरीस निघाला. पहिल्या खेळात 12 स्वतंत्र पातळ्या होत्या आणि परवलीच्या शब्दांनी मधूनच सुरुवात करता येई. दुसऱ्यात सर्व चक्रव्यूह एकमेकांना जोडून एकच विस्तीर्ण प्रदेश केलेला होता आणि तो एकाच बैठकीत पार करावा लागे. तो फार कठीण होता, किंबहुना जरुरीपेक्षा अधिक कठीण होता. भिंतीच्या कडेकडेने अखंड फिरणारी भुते या भागात आली. भूत योग्य मार्गाने पिंजऱ्यापर्यंत पोहोचले की त्याचा हिरा होतो. म्हणून खेळणाऱ्याला भुताचा मार्ग आधी मनात आखावा लागतो. भुतापासून पळावयाचे नाही, त्याला वाट करून द्यावयाची, ही कल्पना खरोखर सुंदर आहे.

‘रेप्टन 3’ 1986 मध्ये आला आणि त्याचा कर्ता टायलर नव्हता. मॅथ्यू अॅटकिन्सन या दुसऱ्याच लेखकाने तो लिहिला. पसरत जाणारी बुरशी आणि शेवटी निकामी करावयाचा बाँब या नव्या वस्तू त्यात आल्या. पण त्याचे खरे महत्त्व निराळे आहे. त्याबरोबर एक संपादक देण्यात आला होता आणि त्याच्या साहाय्याने खेळणाऱ्यास स्वतःचे नकाशे रचता येत, वस्तूंची चित्रेही बदलता येत. लेखक बदलला, पातळ्या बदलल्या आणि त्या रचण्याचा अधिकार वाचकाच्या हाती गेला, तरीही खेळणाऱ्यांच्या लेखी रेप्टन तोच राहिला. शेरलॉक होम्सच्या कथा इतरांनीही लिहिल्या, पण वाचक त्यांना अस्सल कथांच्या पंक्तीस बसवीत नाहीत. येथे तसा प्रश्नच उद्भवला नाही. याचे कारण, स्वभाव हा लेखकाच्या लेखणीत नसून नियमांत होता आणि नियम जसेच्या तसे हस्तांतरित झाले होते.

यानंतर चित्रे बदलण्याचा सपाटा सुरू झाला. ‘अराउंड द वर्ल्ड इन 40 स्क्रीन्स’ (1987) या संग्रहात रेप्टन अमेरिका, उत्तर ध्रुव, पौर्वात्य देश, आफ्रिका आणि महासागर यांतून फिरतो. ‘द लाइफ ऑफ रेप्टन’मध्ये (1987) तो बालपण, शाळा, तारुण्य, नोकरी, वरिष्ठ पद आणि वार्धक्य अशा अवस्थांतून जातो. ‘रेप्टन थ्रू टाइम’मध्ये (1988) प्रागैतिहासिक काळापासून भविष्यकाळापर्यंत त्याचा संचार आहे. फेणे कधी मोठा झाला नाही; रेप्टन म्हातारा होऊन निवृत्तही झाला, पण त्याच्या हालचालीत तसूभरही फरक पडला नाही. पाळण्यातील बालक आणि पेन्शनर दोघेही त्याच चपळाईने दगड ढकलतात. व्यापारी दृष्टीने हा स्वस्त उपाय होता, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि त्यातून एक तत्त्वही तपासले गेले.

ते तत्त्व जवळच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. वर्धा जिल्ह्यात पुलगाव स्थानकालगत असलेले नाचणगाव हे कापसाच्या मुलखातील गाव होय. ‘रेप्टन 3’चा संपादक घेऊन कोणी ‘नाचणगाव’ या नावाचा संग्रह रचावयाचे मनात आणले, तर काय करता येईल? हिऱ्यांच्या जागी फुटलेली बोंडे काढता येतील. माती आहे तशीच ठेवावी, मात्र तिला काळा रंग द्यावा. पसरणाऱ्या बुरशीऐवजी बोंडअळी, अंड्यातून निघणाऱ्या राक्षसाऐवजी पिकात शिरणारा रोही, कडेकडेने फिरणाऱ्या भुताऐवजी बांधाने चाललेले मोकाट जनावर आणि पिंजऱ्याऐवजी कोंडवाडा. ही शेवटची जोडी तर मुळातल्यापेक्षाही चपखल बसते. जनावराला धाक न दाखविता वाट मोकळी करून कोंडवाड्यात पोहोचविणे, हे काम गावातील कोणासही समजावून सांगावे लागणार नाही. बोंडअळीचेही तसेच, कारण वेळीच आवर घातला नाही तर ती घरामागून घर व्यापीत जाणार.

परंतु दगडाचे काय करावे? दगडाऐवजी कापसाची गाठ काढली, तर चित्र ठीक दिसेल. पण एखादे बोंड वेचल्याबरोबर वरची गाठ डोक्यावर कोसळते, याला कापसाच्या मुलखात काही अर्थ नाही. गाठी जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात असतात आणि बोंडे शेतात. खाणीचे शास्त्र शेतावर लादल्यासारखे ते होईल. हाच दोष ‘अराउंड द वर्ल्ड’मध्येही आहे : ध्रुवप्रदेशात बर्फ घसरत नाही, महासागरात काही तरंगत नाही, सर्वत्र तीच खाण आहे. चित्रे हा पोशाख होता. ज्या ठिकाणी नियम आणि चित्र यांची गाठ पडते, जसे कोंडवाड्याच्या बाबतीत पडले, तेथे स्थळ खरे वाटते. एरवी ते रंगविलेल्या पडद्यासारखे मागे लटकत राहते. नाटकमंडळ्या एकच जंगलाचा पडदा सर्व पौराणिक नाटकांना वापरीत, त्याची येथे आठवण व्हावी.

मालिकेच्या कर्त्यांनाही हे उमगले असावे, कारण 1988 च्या ‘रेप्टन इन्फिनिटी’मध्ये त्यांनी उरलेले तिसरे अंगही खुले केले. नकाशा आणि चित्रे यांच्या संपादकांबरोबर ‘रेप्टॉल’ नावाची एक लहानशी आज्ञाभाषा त्यात होती. कोणती वस्तू पडावी, कोणती घरंगळावी, कोणती मारक असावी, आदळल्यास काय घडावे, हे सर्व खेळणाऱ्यास लिहून ठरविता येई. आता कापसाची गाठ जागीच स्थिर ठेवता येणार होती. पण त्याबरोबरच एक अडचणही उभी राहिली. चित्र बदलले, नकाशा बदलला, नियमही बदलले. मग उरलेल्यास रेप्टन कोणत्या आधारावर म्हणावे? नावाखेरीज दुसरा आधार सांगता येत नाही. साधन म्हणून ‘इन्फिनिटी’ ही मालिकेतील सर्वांत समर्थ कृती होय. पात्राच्या दृष्टीने मात्र तीत पात्र विरघळून जाते. हीच गोष्ट तिला अभ्यासयोग्य करते. यानंतर 1992 मध्ये एकॉर्नच्याच आर्किमिडीज या संगणकासाठी ‘ईगो : रेप्टन 4’ निघाला, पण तोपर्यंत गृहसंगणकांचा तो काळ मावळत आला होता.

इतर मालिकांशी तुलना केली असता रेप्टनचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. मॅथ्यू स्मिथच्या ‘मॅनिक मायनर’मधील (1983) खाणकामगार विली हा पुढील ‘जेट सेट विली’त (1984) श्रीमंत होऊन वाड्यात राहू लागतो, मेजवानीनंतरचा पसारा आवरल्याशिवाय घर सांभाळणारी बाई त्याला झोपू देत नाही. म्हणजे तेथे कथेचा धागा आहे, एका भागातील कमाई दुसऱ्या भागात उपभोगली जाते. ऑलिव्हर बंधूंचा अंड्याच्या आकाराचा डिझी (1987) हा तर बोलतो, वस्तू जमवितो, त्याला सगेसोयरे आहेत. विली व डिझी हे कथेच्या परंपरेतील नायक होत. रेप्टन हा बुद्धिबळातील घोड्याच्या अधिक जवळचा आहे. घोडा हस्तिदंती असो वा लाकडी, अडीच घरे चालतो तोवर तो घोडा.

आता यंत्र आणि पात्र यांतील त्या अंतराकडे यावे. रेप्टनसारखे पात्र रुजण्यास काही गोष्टी आवश्यक होत्या. पहिली म्हणजे रिकामा आणि न मोजलेला वेळ. एकाच बैठकीत संपवावयाचा ‘रेप्टन 2’ शाळेच्या एका तासिकेत, मोजक्या यंत्रांसमोर आळीपाळीने बसणाऱ्या मुलांनी खेळणे ही कल्पनाच असंभाव्य आहे. दुसरी म्हणजे दहा वेळा मरण्याची मोकळीक. चुकलेला दगड चुकला म्हणून हसावे आणि पुन्हा आरंभ करावा, यास घर लागते. तिसरी गोष्ट म्हणजे कॅसेटची दुकाने, मासिके आणि नकाशांची देवघेव करणारे सवंगडी. ‘क्लास’ योजनेने यंत्र दिले ते शिक्षणाचे उपकरण म्हणून, आणि शासकीय दृष्टीने ते योग्यच होते. परंतु ‘रेप्टन 3’च्या संपादकापुढे बसलेले मूल आपोआप जे शिकत होते, म्हणजे माहितीची रचना, नियमांचे परिणाम, आपण रचलेले कोडे सुटण्याजोगे आहे की नाही याची कसोटी, ते शिकविण्यासाठी शाळेत निराळा पाठ रचावा लागला असता. खेळ हा शिक्षणाचा शत्रू मानण्याची सवय या ठिकाणी महाग पडते. मराठी मुलांना त्या दशकात मालिकेतील नायक मिळाला तो पुस्तकांतून आणि दूरदर्शनवरून. फास्टर फेणे 1987 मध्ये दूरदर्शनच्या पडद्यावर आला, तो ‘लाइफ ऑफ रेप्टन’च्याच वर्षी.

भाषेची अडचण याहून मूलभूत होती. बीबीसी मायक्रोवर एक अक्षर म्हणजे 8 गुणिले 8 ठिपक्यांचा चौकोन. वापरणाऱ्यास स्वतःची अक्षरे काढण्याची सोय होती, पण सामान्यतः 32 अक्षरांपुरती. रोमन लिपीस 8 ओळी पुरतात. देवनागरीत एक ओळ शिरोरेषेची, वरच्या मात्रा-वेलांटीस दोन, खालच्या उकारास एक. म्हणजे अक्षराच्या मूळ अंगास चारच ओळी उरतात. त्यांत ‘ध’ आणि ‘घ’ यांतील भेद दाखविणे ही कसरतच. जोडाक्षरांचा हिशेब धरला, तर 32 ची मर्यादा बाराखडीच्या आरंभीच संपते. भारतीय लिप्यांसाठीच्या ‘इस्की’ या संकेतप्रणालीस भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली ती 1991 मध्ये, तोवर हे यंत्र मागे पडले होते. येथे रेप्टनचे मौन फार सूचक ठरते. ज्या पात्राला बोलावेच लागत नाही, त्याच्या चक्रव्यूहास लिपीची अडचण येत नाही; मराठी बोलणारा डिझी त्या यंत्रावर जवळजवळ अशक्य होता, मराठी मुलखातला रेप्टन मात्र शक्य होता. त्यासाठी लागणारी साधने त्या कॅसेटवरच होती.

या खेळांच्या मूळ कॅसेट आणि चकत्या चुंबकीय द्रव्याच्या आहेत आणि ते द्रव्य झिजत जाते. रेप्टनचे भाग आज मिळतात ते बीबीसी मायक्रोचे वर्तन तंतोतंत हुबेहूब करणाऱ्या आधुनिक आज्ञावल्यांच्या योगे, तसेच नव्या यंत्रांसाठी काढलेल्या आवृत्त्यांच्या रूपाने. विद्यापीठीय ग्रंथालयांनी छापील बालवाङ्मय जपले, त्याची सूची केली. शाळांच्या कपाटांतून भंगारात गेलेल्या त्या यंत्रांबरोबर मुलांनी स्वतः रचलेल्या काही आज्ञावल्याही गेल्या असतील. जेथे एखादी चकती अजून शिल्लक असेल, तेथे तिच्यावरील मजकूर उतरवून घेण्याचे काम संगणकशास्त्राच्या विभागाइतकेच मराठी विभागाचेही आहे. त्यास एक जुने चकतीवाचक यंत्र, एक साधा संगणक आणि चिकाटीचा एखादा संशोधक विद्यार्थी एवढेच पुरते.